पक्क्या घरातली ढोली

भाऊंनी माझी ओळख करून घेतली ती माझ्या खांद्यावर बोटाचं पेर ठोकून. टक् टक् असं दोनदा ठोकलं, मान तिरकी करून ऐकलं आणि शेजारी सूप विणत बसलेल्या बायकोला निकाल सांगितला, "एका पावसाचा हाय. वाकन."

मी तेव्हा नवाकोरा अभियंता होतो. नोकरी कंत्राटी, पण तोरा कायमचा. गळ्यात ओळखपत्र, खिशात पोलादी टेप आणि मोबाइलमध्ये माझ्या वाट्याला आलेल्या घरकुलांची यादी. पाया आखून द्यायचा, भिंती उठल्या की फोटो, स्लॅब टाकला की फोटो, घर झालं की घरवाल्यांना दारात उभं करून शेवटचा फोटो, हे माझं काम. नागभीडहून ब्रह्मपुरीकडे जाताना आडरस्त्याला असलेल्या त्या धानाच्या गावात एक घर भाऊंच्या बायकोच्या नावावर मंजूर झालं होतं. अख्खं गाव त्या दोघांना भाऊ आणि बाई म्हणायचं, म्हणून मीही तेच म्हणू लागलो.

'एका पावसाचा' म्हणजे काय, ते बाईंनी मला नंतर समजावलं. भाऊंचा जन्म बुरडकामात गेलेला. टोपल्या, सुपं, परड्या, कोंबड्या झाकायचे डाले, यापलीकडे त्यांना जग नव्हतं. एक पावसाळा पाहिलेला बांबू लवचिक असतो, तो टोपलीचा. तीन पावसाळे पाहिलेला कणखर होतो, तो घराचा. भाऊंनी माणसंही याच दोन ढिगांत टाकून ठेवली होती. सरपंच टोपलीचा, शाळेचा मास्तर टोपलीचा, बसचा कंडक्टर टोपलीचा. घराचा बांबू अख्ख्या गावात एकच आणि तो म्हणजे बाई, असं ते मला हळूच सांगत. तिच्यादेखत मात्र म्हणत, "हिच्यात नुसत्या गाठीच गाठी."

माझ्या टेपवर त्यांचा विशेष राग. मी पाया आखायला टेप ओढला की ते शेजारी उकिडवे बसत आणि हातानं, वितीनं तीच जागा मोजत. एकदा मला विचारलं, "सायेब, हा टेप कोनाच्या हाताचा हाय?"

"कोणाच्या हाताचा नसतो, भाऊ. सगळीकडे सारखा असतो."

"मंग सारख्याच लोकायले घर बांधून दे त्यानं," ते म्हणाले आणि उठून गेले.

काम करताना त्यांना पाहणं हा माझा आवडता उद्योग झाला. वास्तविक त्या गावात मला आठवड्यातून एकदा जायचं होतं, पण मी काही ना काही निमित्त काढून तीनदा जायचो. ते जमिनीवर बसून बांबूचं एक टोक पायाच्या अंगठ्यात धरायचे, कोयत्यानं बांबू उभा चिरायचे, चिरलेल्याचे पुन्हा दोन, दोनाचे चार. मग वरची हिरवी साल आतल्या पांढऱ्या गरापासून अशी सोडवायचे, की पाहणाऱ्याला वाटावं ती आधीपासून सुटीच होती. ही कमची पुरेशी गुळगुळीत झाली की नाही, हे ते बोटांनी नाही, खालच्या ओठावरून फिरवून ठरवायचे. त्यामुळे बाजाराच्या आदल्या दिवशी ओठ कायम सोललेला. बाई म्हणायच्या, "बोटं काय देवानं तंबाखूचा खर्रा घोटाले देल्ली का?" भाऊ शांतपणे सांगायचे, "बोट खोटं बोलते. ओठाले जो लागते थो खरा काटा."

बांबू विकत घेताना त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "कोन्या पाखात तोडला?" अंधाऱ्या पाखात तोडलेल्या बांबूला भुंगा लागत नाही आणि चांदण्या पाखातल्याचं पीठ होतं, यावर त्यांची श्रद्धा होती. विकणाऱ्याला आठवत नसेल तर ते कोयत्याच्या टोकानं जरासा गर काढून जिभेवर ठेवत. गोड लागला की बांबू परत. एकदा त्यांनी माझी जन्मतिथी विचारली. मी पौर्णिमेच्या आसपासचा निघालो. तेव्हापासून मला जरा सर्दी झाली की ते बाईंना म्हणत, "पाय, भुंगा लागला."

टोपली विकणं हा त्यांच्या दृष्टीनं मुलगी देण्याइतका अवघड व्यवहार होता. नागभीडच्या बाजारात गिऱ्हाइकानं टोपली उचलली की हे विचारणार, "काय ठेवसान तिच्यात?" कांदे, मासे, मोहफुलं, काहीही चालायचं. एकदा एक गाडीवाला माणूस आला. त्याला धाब्याच्या भिंतीवर टांगायला दहा टोपल्या हव्या होत्या. भाऊंनी त्याच्या हातातली टोपली काढून घेतली. "टांगाले खिळा घे. टोपली कायले पायजे?" तो दुप्पट द्यायला तयार झाला, तरी ह्यांनी टोपली सोडली नाही. शेवटी बाईंनी भाऊंच्या पाठीमागून त्याला खूण केली आणि चार सुपं विकली. भाऊंना हे कळलं नाही असं नाही. सुपांवर त्यांची हुकमत चालायची नाही, सुपं बाई विणायच्या.

विकलेली टोपली रिकामी कोणाच्या घरी जाऊ नये, हाही त्यांचा नेम. शेजारी धानाची पिशवी ठेवलेली असायची, त्यातलं मूठभर टाकून मगच टोपली द्यायची. एका लग्नाच्या गडबडीत पिशवी संपली. वधूचा मामा परडी घेऊन घाईत निघालेला. भाऊंनी खिसा चाचपला, खर्ऱ्याची पुडी निघाली, तीच अर्धी परडीत टाकली. मंडपात हळदीकुंकवाच्या शेजारी खर्रा! मामा तणतणत परत आला. भाऊ म्हणाले, "माया तोंडातला अर्धा घास देल्ला तुमच्या पोरीले. अजून काय देऊ?" मामाचा आवाज खाली आला. जाताना त्यानं उरलेली अर्धी पुडी मागितली म्हणतात.

गडचिरोलीला एका शिबिरात त्यांना कला शिकवायला बोलावलं होतं, तेव्हा मीच घेऊन गेलो. व्यासपीठावर खुर्ची, टेबल, माइक. खुर्चीवर बसून पायात बांबू धरता येईना, म्हणून भाऊ टेबलाखाली बसले. समोरच्या पोरांना नुसता टेबलक्लॉथ दिसत होता आणि खालून कोयत्याचा आवाज येत होता. संयोजक म्हणाले, दोन शब्द बोला. टेबलाखालून दोनच शब्द आले, "इथी या." अर्ध्या तासात सगळी पोरं व्यासपीठावर ओणवी झाली होती आणि संयोजक एकटेच खाली बसले होते.

आता बाईंविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्या घरावरून झालं.

बाई लग्न होऊन आल्या त्या ताटीच्या घरात. बांबूच्या ताट्या उभ्या करायच्या, वरून मातीशेणाचा लेप द्यायचा, झाली भिंत. दर पावसाळ्यानंतर लेप गळायचा, तो पुन्हा द्यायचा. ताटीला भुंगा लागायचा आणि अंथरुणावर पिवळी पूड पडायची. "सारा जलम भिताडाची पूड झाडण्यात गेला, सायेब," बाई मला म्हणाल्या होत्या. "मले असं भिताड पायजे, जे झोपल्यावर अंगावर पडत नाई." विटांच्या भिंती उठल्यावर त्यांनी त्यांना जितकं पाणी मारलं, तितकं कुठल्या ठेकेदारानंही मारलं नसेल. डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन सकाळ-दुपार-संध्याकाळ. प्लास्टर झालं, निळा रंग झाला. त्या रोज सकाळी येऊन भिंतीवर तळहात फिरवायच्या, आजारी लेकराचं अंग पाहतात तसा. आणि त्यांनी भाऊंना बजावून ठेवलं होतं, "या घरात काडी येनार नाई. बांबूचं काय कराचं थे बाहेर करा."

भाऊंनी मान डोलावली होती. मी साक्षीदार आहे.

दाराचा शेवटचा फोटो मी काढला, वर पाठवला. गृहप्रवेशाची तिथी दिवाळीनंतरची निघाली. तोवर दोघं शेजारच्या जुन्या झोपडीतच राहत होते. तेवढ्यात घुग्घुसला दिलेल्या लेकीचं बाळंतपण आलं आणि बाई पंधरा दिवसांसाठी तिकडे गेल्या.

त्याच सुमाराला ब्रह्मपुरीकडच्या एका म्हाताऱ्या शेतकरणीचा निरोप आला. तिच्या घरी धान साठवायची ढोली होती. ढोली म्हणजे बांबूची विणलेली, माणसाच्या छातीइतकी उंच कणगी. ती भाऊंच्या वडिलांनी विणलेली होती आणि दोन पिढ्यांचं धान तिनं सांभाळलं होतं. यंदा तिचा तळ गेला. मुलगा म्हणत होता, पत्र्याची कोठी आणू. म्हातारीनं त्याला अट घातली, सोमवारी धान चुरून, म्हणजे मळून, घरी यायच्या आत नवी ढोली आली तर ढोली, नाही तर तुझा पत्रा.

भाऊंचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. त्या दिवशी ते एकही तिरकस वाक्य बोलले नाहीत. "सायेब, माया बापाच्या हातचं आता तेवढंच उरलं होतं या मुलखात," ते म्हणाले. "त्या जागी पत्रा बसला तं मी कोन्या तोंडानं कोयता धरू?"

त्यांनी अंगणात तळ मांडला आणि आभाळ फाटलं. अवकाळी. चार दिवस झड. झोपडीत एक सूप ठेवायला जागा नव्हती आणि अंगणात तळं साचलेलं. आणि दहा पावलांवर एक कोरडं, रिकामं, निळं घर उभं होतं.

शनिवारी पाऊस थांबला. मी मोटारसायकलवरून चिखल उडवत गेलो, तर नव्या घराचं दार लोटलेलं आणि आतून भाऊंचं गुणगुणणं. आत डोकावलो. खोलीच्या मधोमध ढोली उभी होती आणि भाऊ तिच्या आत उभे होते. नुसतं डोकं आणि हात वर. शेवटचा काठ बांधत होते. ढोली इतकी देखणी झाली होती की मी दारातच थांबलो. हिरव्या कमच्या आणि पांढऱ्या कमच्या एकाआड एक, कुठे कमीजास्त नाही, आणि पोटाशी हलका फुगवटा.

"कशी हाय?" भाऊंनी विचारलं.

"भाऊ, सुंदर झाली," मी म्हणालो. "पण ही बाहेर कशी काढणार?"

"भिताड सोडून," ते सहज म्हणाले.

त्यांच्या जन्मात मोठी वस्तू अशीच निघत आली होती. ताटीच्या घराचं दार माणसांपुरतं. ढोली, बाज, मोठा हारा काही काढायचं झालं की कोपऱ्यातले बंद सोडायचे, ताटी बाजूला करायची, वस्तू काढायची, ताटी पुन्हा बांधायची. ते ढोलीतून उडी मारून बाहेर आले, सवयीनं कोपऱ्यात गेले आणि भिंतीच्या सांध्यावर हात फिरवू लागले. वरून खाली. मग दुसऱ्या कोपऱ्यात. मग त्यांचा हात थांबला.



मी टेप काढला. ढोली आडवी साडेचार फूट. दार पावणेतीन फूट. ते दार मीच आखलं होतं. चौकट काढली तरी जेमतेम तीन. खिडकीचं तर बोलायलाच नको. आम्ही शेजारच्या दोन गड्यांना बोलावलं आणि ढोली दाबून लांबट करून पाहिली. आत कुठेतरी कट् असा बारीक आवाज झाला आणि भाऊ ओरडले, "सोडा! सोडा!" जणू त्यांचीच बरगडी मोडली होती.

"उसवता येईल का?" मी विचारलं.

"सुकली. आता उसवली तं काडी काडी मोडन." त्यांनी कोयता उचलला, ढोलीपाशी गेले, परत आले, खाली ठेवला. पुन्हा उचलला. "घर थिचं हाय," ते स्वतःशीच म्हणाले. "घर काई माया बापानं बांधलं नाई. ढोलीच कापतो."

ते कापणार एवढ्यात बाहेर काळीपिवळी जीप थांबली आणि पिशव्या घेऊन बाई उतरल्या. लेकीला मुलगा झाला होता, त्याचे पेढे हातात. त्या दारात आल्या. खोलीभर कमच्यांचे तुकडे, निळ्या भिंतीला बांबूचे ओरखडे, मधे ढोली, शेजारी हातात कोयता घेतलेला नवरा आणि टेप धरलेला मी.  

बाईंनी पेढ्यांचा पुडा माझ्या हातात दिला. ढोलीभोवती एक फेरी मारली. वाकून तळ पाहिला, दोन बोटांनी वीण ताणून पाहिली. एका ठिकाणी थांबल्या. "इथी एक काडी मोडली."

"दाबली म्हनून," भाऊ पुटपुटले.

"कायले दाबली?"

बाईंनी दाराकडे पाहिलं, ढोलीकडे पाहिलं आणि सगळं त्यांच्या ध्यानात आलं. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"सायेब, या भिताडात लोखंड कुठी कुठी हाय?"

"कोपऱ्यातल्या खांबांत. आणि दाराच्या वरून भिंतभर गेलेल्या पट्टीत."

"आन् इथी?" त्यांनी दाराशेजारच्या निळ्या भिंतीवर तळहात ठेवला.

"तिथं नुसत्या विटा."

"इथून इथवर काढलं तं वरचा सलाप पडन का?"

घर कसं बांधायचं हे मला शिकवलेलं होतं. कसं फोडायचं, हे कोणी आजवर विचारलं नव्हतं. मी दोनदा मोजलं आणि सांगितलं, "नाही पडणार, बाई."

भाऊ पुढे झाले. "नोको वो. मी कापतो. माया चुकीले तुयं घर कायले?"

"कापसान तं या घरात मी पाय नाई ठेवनार," बाई म्हणाल्या. "सब्बल आना."

सब्बल, म्हणजे पहार, आणली ती शेजारच्यानं. तो उगारणार, तर बाईंनी त्याच्या हातातून घेतली. "घर माया नावाचं हाय. उद्या कोनी म्हनाले नोको का बुढ्यानं बायकोचं घर फोडलं." आणि पहिला घाव त्यांनी घातला. इतकं पाणी पाजलेली ती भिंत, सहजासहजी ऐकेचना. मला त्या क्षणी बाईंचा अभिमान वाटला आणि भिंतीचाही.

पुढचं काम गड्यांनी केलं. तासाभरात दाराची चौकट निघाली, शेजारची भिंत निघाली आणि ढोली डुलत डुलत अंगणात आली. पोरंसोरं ओरडली. मोडलेली काडी भाऊंनी तिथल्या तिथे बदलली. आणि बाई विटांच्या ढिगावर बसल्या, पदर तोंडाला लावला आणि रडल्या. उगाच शहाणपणाचं काही सांगत नाही. भिंतीसाठीच रडल्या. मलाही भरून आलं.

भाऊंना प्रत्येक गोष्टीवर बोलायला काहीतरी असायचं. त्या दिवशी ते नुसते बाईंच्या शेजारी बसले आणि ढिगातून शाबूत विटा वेचून एकावर एक ठेवू लागले. गावच्या ट्रॅक्टरवर ढोली चढवून बांधली, ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला, तरी उठेनात.

"जा ना," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "इतकं केलं, आन् आता बसून राह्यले."

"तू बी चाल."

"मी कायले?"

"थे बुढी इचारन, कोनं केली ढोली म्हनून." भाऊ हातातल्या विटेकडे पाहत होते. "मी एकटा गेलो तं मले 'मी केली' म्हना लागन. थे खोटं होईन."

बाई उठल्या. विटांची धूळ झाडली, नवं पातळ नेसून आल्या. गड्यांनी चौकट तात्पुरती जागेवर टेकवून ठेवली होती, तिला दार तसंच होतं. बाईंनी दार ओढून घेतलं, पिशवीतून कोरं कुलूप काढलं, कडीला लावलं, दोनदा ओढून पाहिलं. शेजारीच माणूस सरळ आत जाईल एवढं भगदाड होतं आणि त्यातून आतली निळी खोली स्वच्छ दिसत होती. मला हाक मारून म्हणाल्या, "सायेब, घराकडे ध्यान ठेवा."

मग किल्ली कमरेला खोचून त्या ट्रॉलीत चढल्या.